लागणीच्या तारखा

"साहेब, ही तारीख मी सकाळी बदलली हुती. आता परत जुनीच दिसायलीय."

शालन निकम माझ्या काचेच्या दाराशी उभ्या होत्या. चपला बाहेर काढलेल्या, हातात छापील कागद. संगणक कक्षात चपला घालून यायची परवानगी नव्हती आणि इतका नियम पाळणारी त्या मजल्यावर ती एकटीच बाई होती. मी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. चार दिवसांत त्या तिसऱ्यांदा हेच सांगायला आल्या होत्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही बाई आधीच बोंब मारून ठेवते आहे. चोराच्या मनात चांदणं.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. मी संशयी माणूस आहे. भाजीवाल्याने तराजू उचलला की माझी नजर भाजीवर नसते, त्याच्या करंगळीवर असते. आई म्हणायची, "श्रीकांत, तुझ्या पानात देवानं अमृत वाढलं तरी तू आधी मांजराला चाटवशील." मला त्याचा अभिमानच होता. साखर कारखान्याच्या संगणक विभागाचा प्रमुख असाच हवा, असं मी लोकांना सांगत असे.

ही गोष्ट दोन हजार सात सालच्या गळीत हंगामाची. कारखाना सहकारी, सांगली जिल्ह्यातला. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. ज्यांनी उसाचा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की तिथे ऊस कारखान्याला जातो तो लागणीच्या तारखेच्या क्रमाने. ज्याने आधी लावला त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी. नंबर मागे गेला तर ऊस उभ्या उभ्या वाळतो, वजन घटतं, रान मोकळं होत नाही आणि हरभरा पेरायचा राहतो. त्यामुळे आठ हजार सभासदांचा जीव एका यादीत अडकलेला असायचा. आणि ती यादी सांभाळायच्या शालन निकम. नवरा कारखान्यात फिटर होता. तो गेल्यावर त्या अनुकंपेवर लागल्या. नऊ वर्षं त्याच टेबलावर. शेतकी खात्याची माणसं फडात जाऊन तारखा तपासून यायची, आणि चुकलेल्या तारखा या बाई मशिनमध्ये दुरुस्त करायच्या.

"कुठली तारीख?" मी विचारलं.

"गट नंबर दोनशे नऊ. खोतसाहेबांचा. सात जुलै केली हुती, परत एकोणतीस ऑगस्ट झालीय. त्यांचा नंबर एक्केचाळिसावरनं दोनशे बारावर गेला."

"माहीत आहे. ते सकाळीच येऊन गेले."

बाजीराव खोत संचालक होते. ते आले नव्हते, माझ्यावर कोसळले होते. यादी टेबलावर आपटून म्हणाले, "माझा नंबर दोनशे बारा. आणि ह्या निकमबाईचा सख्खा भाऊ, शिवाजी लोहार, कितवा बघा. बारावा! चार दिसांमागं एकशे साठावर हुता. कुंपणच शेत खायला लागलंय, उपळेकर. बुधवारी अकराला मंडळाची बैठक हाय. तवर मला लेखी पुरावा पायजे. बाईला घरी घालवायची, आणि जमलं तर पोलिसात बी द्यायची."

मी पुरावा काढलाही होता. मोळी टाकून हंगाम सुरू झाला तो आदल्या बुधवारी. त्या दिवसापासून त्रेसष्ट गटांच्या तारखा इकडच्या तिकडे झाल्या होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी, ही ओळ शेवटची कुणी लिहिली, हे मशिन स्वतः नोंदवतं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट ओळींवर एकच नाव होतं. निकम. हातच्या काकणाला आरसा कशाला! मी दोन प्रती छापल्या, सही केली, आणि एक खोतांकडे पाठवली. हे शालनताईंना अजून ठाऊक नव्हतं.

"तुमच्या भावाचा नंबर कसा वर आला?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. मला तो पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा वाटला.

"त्यो वर न्हवता यायला पायजे, साहेब. त्यानं लागण खोटी सांगितली हुती. मी सवता रानात जाऊन, ऊस बघून, ती खाली ढकलली. त्यापायी यंदा भाऊबीजेला बोलावलं न्हाई त्यानं मला. आणि आता ती जुनीच खोटी तारीख परत आलीया. माझ्या मागनं कुणीतरी पुसतंय."

"कोण?"

"त्ये मला कसं कळंल? तुमचं मशिन, तुमाला ठावं."

तेवढ्या बोलण्यानेच मी चिडलो. म्हटलं, "उद्या सकाळी मी तुमच्या टेबलाशी येऊन बसतो. कोण पुसतंय ते बघू."

"बसा," त्या म्हणाल्या. "माझी हरकत न्हाई. माझ्या नोकरीवर आलंय, मला म्हाईत हाय. खोतसाहेब सगळ्या कचेरीत सांगत फिरल्यात."

मंगळवारी सकाळी साडेनऊला मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. वीस दुरुस्त्या करायच्या होत्या. त्या एकेक तारीख घालत गेल्या आणि मी माझ्या हाताने कागदावर गट नंबर, जुनी तारीख, नवी तारीख उतरवत गेलो. विसावी झाल्यावर मी त्यांचा पासवर्ड बदलला, नवा त्यांना सांगितला नाही, आणि त्यांना माझ्या खोलीत आणून समोरच्या खुर्चीवर बसवलं. चहा मागवला. साप मारायला निघालेल्या माणसाचा उत्साह माझ्यात होता, तो आठवला की आजही लाज वाटते.

त्या तीन तास बसून होत्या. चहाची कपबशी त्यांनी हातात धरली, प्यायल्या मात्र नाहीत. मध्येच एकदा म्हणाल्या, "पोरीचा बारावीचा फॉर्म भरायचाय आज. जाऊन येऊ?"

"दुपारी," मी म्हटलं. मला वाटलं, बाहेर जाऊन कुणाला तरी निरोप द्यायचा असेल.

साडेबाराला मी यादी काढली. वीसपैकी तेरा तारखा परत जुन्या झाल्या होत्या, आणि तेराही ओळींवर निकम हेच नाव.

मी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलल्या नव्हत्या.

दुसऱ्या एखाद्या माणसाला इथे वाटलं असतं, की बाई निर्दोष आहे. मला वाटलं, हिचा कुणी साथीदार आहे. संशयी माणसाचं असंच असतं, एक दार बंद झालं की तो दुसरं ठोठावतो, घरी जात नाही. लागणीची नोंदवही जिथून उघडता येते अशी कारखान्यात दुसरी जागा एकच होती. वजनकाटा. आणि काट्यावर हिंदुराव.

"तुम्ही तुमच्या टेबलावर जाऊन बसा," मी म्हटलं. नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. "मी फोन केला की उचला. तोवर कशाला हात लावू नका."

काट्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. दोन ट्रॉल्यांमधून अंग चोरत मी केबिनमध्ये शिरलो. हिंदुराव तंबाखू मळत होता. वजनाचा आकडा स्थिर झाला की तो एक कळ दाबायचा, पावती निघायची, ट्रॅक्टर पुढे जायचा. तेवीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं.

"हिंदुराव, लागणीच्या तारखांना हात कशाला लावता?"

"कशाला?" तो खरंच बुचकळ्यात पडला. "मला लावताच येत न्हाई, साहेब. मला नुसत्या दिसत्यात. मी आपलं टनेज चढवतोय."

"गट नंबर चारशे सतरा काढा."

त्याने काढला. शालनताईंनी सकाळी माझ्यासमोर तिथे पंधरा जुलै घातली होती, आणि तेरांत ती नव्हती, म्हणजे अजून शाबूत होती. हिंदुरावच्या पडद्यावर दोन ऑगस्ट होती.

मी फोन उचलला. "शालनताई, चारशे सतरा वाचा."

"पंधरा जुलै."

"नीट बघून वाचा."

"पंधरा जुलै, साहेब. मीच घातलीया की सकाळी."

मी हिंदुरावच्या पडद्याला नाक लावलं. दोन ऑगस्ट. एकच ओळ, एकच क्षण, आणि दोन तारखा. मला क्षणभर वाटलं, दोघं मिळून माझी थट्टा करतायत.

"गाडी आलीया, साहेब. रांग थांबलीया," हिंदुराव म्हणाला. "चारशे अठराची हाय."

"चढवा."

त्याने कळ दाबली. पावती निघाली.

"शालनताई, पुन्हा काढून वाचा."

पलीकडे कळांचा आवाज आला आणि थांबला.

"शालनताई?"

"साहेब, बदलली." त्या म्हणाल्या. "दोन ऑगस्ट झाली. मी हात लावला न्हाई, देवाशपथ. तुमी फोनवरच हुता."

हिंदुराव माझ्याकडे बघत होता. त्याने शेजारच्या गटाचं वजन चढवलं होतं, तारखेला स्पर्शही केला नव्हता. मी रिसीव्हर खाली ठेवला आणि पळत सुटलो. काय झालं असणार हे मला अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं कळू नये अशी मी प्रार्थना करत होतो.

काय झालं होतं ते साध्या शब्दांत सांगतो. माझ्या संगणक कक्षात दोन मोठी मशिनं होती, एक शेतकी खात्याचं आणि एक काट्याचं. पण दोघांची डिस्क एकच. एकाच वहीत दोघांनी लिहायचं, म्हणजे एक बिघडलं तरी दुसऱ्यावर कारखाना चालावा. आता एका वहीत दोघं लिहिणार तर दोघांनी एकमेकांना विचारूनच लिहायला हवं. तू ह्या पानावर आहेस का? मग मी थांबतो. तुझं झालं का? मग मी ताजं पान वाचून घेतो. हे विचारणं एका बारीक केबलमधून चालायचं, सेकंदासेकंदाला. ती केबल तुटली की दोघांना वाटणार, दुसरा मेला. मग दोघंही आपापल्या आठवणीतलं जुनं पान बिनधास्त वहीवर उतरवणार. हिंदुरावने एका गटाचं वजन चढवलं, की काट्याचं मशिन हंगामाच्या पहिल्या दिवशी वाचलेलं अख्खं पान परत लिहायचं. शालनताईंनी केलेली दुरुस्ती त्याखाली गाडली जायची आणि वर यायची त्यांचीच जुनी ओळ. म्हणून प्रत्येक ओळीवर निकम. ज्या टेबलावर लिहिणारं माणूस एकच, तिथे प्रत्येक ओळीवर त्याचंच नाव असणार. आणि मी त्याच्यावर सही ठोकून पुरावा म्हणून दिला होता.

मी मशिनच्या मागे वाकलो. केबल नीट गुंडाळून कपाटाच्या कडेला ठेवलेली होती, आणि तिच्या टोकाला हळदकुंकू लावलेलं होतं.

"सिदूमामा!"

आमचे शिपाई सिदूमामा निवृत्तीला आले होते. ते आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "व्हय, मीच काढली. मोळीच्या दिशी पूजा हुती न्हवं मशिनांची? चेअरमन यायचे हुते. तुमीच म्हणालासा, तारा आवरा, हार नीट बसू दे. ही एकच लोंबत हुती. का, कामाची हुती व्हय?"

हंगामाच्या पूजेसाठी आम्ही दोन्ही मशिनं बंद केली होती, हार घातले होते, नारळ फोडला होता आणि पुन्हा चालू केली होती. ती चालू झाली तेव्हा एकमेकांना मेलेलं समजूनच झाली.

पण केबल निघाली एवढ्याने हे व्हायला नको होतं. उरलेलं अर्धं ते हेच. ज्या कंपनीने ही मशिनं बसवली तिचे लोक मूर्ख नव्हते. केबल कधीतरी निघणार हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एक कडक नियम घातला होता. दुसऱ्याचा आवाज आला नाही, की आधी त्याची वीज तोडायची, ती तुटल्याची खात्री करायची आणि मगच वहीला हात लावायचा. तो मेला असेल असं धरून चालायचं नाही, तो नक्की मेला हे बघायचं. त्यासाठी विजेचं वेगळं बटण बसवलं होतं, ते मशिनच दाबायचं.

आदल्या हंगामात ह्या बटणाने मला छळलं होतं. कारखान्याची वीज जरा लुकलुकली, की एक मशिन दुसऱ्याची वीज तोडायचं आणि काटा बंद. एकाच दिवसात तीन वेळा झालं. रांग हमरस्त्यापर्यंत गेली, आणि चेअरमननी चारचौघांत माझा उद्धार केला. कंपनी म्हणाली, पंधरा दिवसांनी माणूस पाठवतो. मी पंधरा दिवस थांबलो नाही. त्याच दिवशी मशिनसाठी प्रोग्रामच्या दोन ओळी लिहिल्या. मशिनने विचारलं, वीज तोडली का, की माझ्या दोन ओळी उत्तर द्यायच्या, हो, तोडली. बटणाला कुणी हात लावायचंच नाही. त्यानंतर काटा एकदाही बंद पडला नाही, आणि हे कसं जमवलं ते मी कुणाला सांगितलं नाही. जो माणूस भाजीवाल्याच्या करंगळीवर विश्वास ठेवत नव्हता, त्याने मशिनला धडधडीत खोटं बोलायला शिकवलं होतं.

काट्याचं मशिन मी ताबडतोब बंद केलं. हिंदुरावला सांगितलं, संध्याकाळपर्यंत वजनं कागदावर घे. केबल लावली. मग त्या दोन ओळी उघडल्या. त्या पुसायलाच हव्या होत्या, नाहीतर उद्या पुन्हा हेच. आणि त्या पुसल्या, की मी काय केलं होतं ते जगात कुणालाच कळणार नव्हतं. दुरुस्ती आणि पुरावा नष्ट करणं एकच काम होऊन बसलं होतं. मी पुसल्या. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. म्हटलं, केबलचं सांगू, सिदूमामांना कोण काय बोलणार, बाई सुटेल, झालं.

बुधवारी अकराला संचालकांची खोली भरली. शालनताईंना बोलावून दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. मांडीवर एक दोनशे पानी वही. चेअरमन आबा वयस्कर, चौथी शिकलेले, पण त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे मलाही घाम फुटायचा.

मी केबलचं सांगितलं. दोन मशिनं, एक वही, पूजा, हार. सगळं समजावून सांगितलं. बोलून झाल्यावर खोत हसले.

"वा! सोमवारी सही करून पुरावा दिला, आणि आज म्हणतोय मशिननं केलं. उपळेकर, बाईनं काल तीन तास तुमच्या खोलीत बसून काय जादू केली?"

दोघंतिघं हसले. शालनताई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, मी पयल्या दिवसापासनं सगळं लिवून ठेवलंय. ही वही हाय."

"घरात बसून वही कुणीबी लिहील," खोत म्हणाले. "बस खाली."

आबा माझ्याकडे वळले. "उपळेकर, एक सांगा. मशिनं घेतली तवा त्या कंपनीच्या माणसानं मला ह्याच इमारतीत करून दाखवलं हुतं. त्यानं तार उपसली आणि दुसरं मशिन धपदिशी बंद पडलं. म्हणाला, आबा, तार निघाली तर एकच जिवंत ऱ्हाणार, दोन न्हाई. मी म्हटलं, भले. मग ह्या बारीला दोन जिवंत कशी ऱ्हायली?"

इतक्या माणसांत हे लक्षात ठेवणारा एकच होता आणि तो चौथी शिकलेला.

"ती सोय बी बाईनंच बंद केली असणार," खोत म्हणाले. "खोली शेजारीच हाय तिची."

आबांनी माझ्यावरची नजर काढली नाही. "जमंल व्हय तिला?"

एक शब्द पुरला असता. शब्दही नको, नुसता खांदा उडवला असता तरी चाललं असतं. आणि खोटं का बोला, मी ते करायच्या बेतात होतो. माझं घर कारखान्याच्या वसाहतीत होतं, मुलगा दुसरीत होता, आणि ह्या खोलीत मला ओळखणारा प्रत्येक माणूस मला हुशार समजत होता.

मी काही बोलत नाही असं पाहून शालनताईच बोलल्या. खाली बस म्हटलं तरी त्या बसल्या नव्हत्या.

"आबा, मला त्यातलं काय कळत न्हाई. नोकरी घालवायची तर घालवा. पण मी केलं न्हाई, एवढं हितं बसलेल्या एका माणसानं तरी म्हणावं. काल फॉर्म भरायला गेले, तर माझी पोरगी मला इचारती, आई, खरं सांग, मामाकडनं काय घेतलंस का गं? तिला काय सांगू मी?"

"मी," मी म्हणालो.

"काय मी?" आबा.

"वीज तोडायची सोय मी बंद केली. गेल्या हंगामात. काटा सारखा बंद पडत होता म्हणून दोन ओळी लिहिल्या. मशिन विचारायचं, तोडली का, त्या म्हणायच्या, तोडली. काल दुपारी मी त्या पुसून टाकल्या. बाईंचा कशाशी संबंध नाही. तो पुरावाही चुकीचा आहे, मी घाईत दिला."

आबांनी दोन बोटं वर केली.

"दोनच ओळी?"

"दोनच."

"आणि आठ हजार माणसांची यादी बसली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हंगाम पुरा हुईपातूर ह्यो माणूस लागतोय. मेमध्ये बघू ह्याचं काय करायचं ते. सिदूला कुणी बोलायचं न्हाई. आणि निकमबाई, तुमी तुमच्या टेबलावर जावा."

"ते झालं," खोत म्हणाले, "पण माझा नंबर कधी एक्केचाळीस हुणार?"

मे महिन्यात मला काढलं नाही, पगारवाढ मात्र तीन वर्षं थांबली. ते सोडून देऊ.

बैठक झाल्यावर आम्ही दोघं यादी पुन्हा उभी करायला बसलो. मशिनवरचं काहीही भरवशाचं उरलं नव्हतं. भरवशाची होती ती शालनताईंची वही. मी वाचायचं आणि त्यांनी घालायचं. अक्षर गोल, शाळकरी. एका ओळीत दिवस, वेळ, गट नंबर, जुनी तारीख, नवी तारीख. आणि शेवटी, समासाला चिकटून, एक बारीक रकाना. त्यात जवळजवळ प्रत्येक ओळीवर तेच दोन शब्द होते. 'उ. आत.'

पन्नासेक ओळी वाचल्यावर मला राहवलं नाही. "शालनताई, हे 'उ. आत' काय आहे?"

त्यांचे हात कळांवर थांबले. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"उपळेकर आत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तारीख फिरल्याली दिसली की मी उठून बघायची, मशिनच्या खोलीत कोण हाय. दर खेपंला तुमीच असायचा. दुसरं कोण न्हाईच. मला वाटलं, तुमचं आणि खोतसाहेबांचं कायतरी ठरलंय. मला घालवायचं, आणि माझ्या जागी त्यांचं माणूस बसवायचं."

मी पानं उलटली. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, ओळीमागून ओळ, माझंच नाव. ती खोलीच माझी होती. मी तिथे नसणार तर कुठे असणार?

"ही वही काल तुमच्याकडे होती," मी म्हटलं. "आज बैठकीत तर हातातच होती. खोत तुम्हाला चोर म्हणत होते. हा रकाना का दाखवला नाहीत?"

शालनताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही, मला हे विचारावं लागतंय याचंच त्यांना नवल वाटत होतं.

"नुसतं खोलीत बसला म्हणून माणसावर आळ कसा घ्यायचा, साहेब?"

त्यांनी पुन्हा कळांवर बोटं ठेवली.

"पुढचा गट वाचा," त्या म्हणाल्या.